डोमकळी दिसली म्हणून कपाशी उपटायची नसते
(अमळनेर येथील बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले. आता आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो ठरावांच्या यादीत कधीच नसतो. पण विहिरीवरची केबल कापली गेली, स्टार्टर गेला, ठिबकच्या नळ्या गेल्या, की रात्री पारावर हाच विषय निघतो. विषय आहे आपल्या पोरांचा.

याच तालुक्यातल्या एका गावात पंधरा वर्षांचा पोरगा केबल कापताना सापडला. गावकऱ्यांनी त्याला लिंबाला बांधला. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा ओठ फुटलेला होता. ज्याची केबल गेली त्या भावाचाही राग खोटा नव्हता. दादरला पाणी द्यायची वेळ, आणि मोटार बंद. नुकसान त्याचे होते, ते आम्ही नाकारले नाही. आम्ही पोराला एवढेच विचारले, "तांब्याचे किती मिळाले?" त्याने सांगितलेली रक्कम ऐकून सगळे गप्प झाले. केबलच्या किमतीपुढे ती काहीच नव्हती. मधला पैसा भंगारवाल्याने खाल्ला होता. पोरगा म्हणाला, "माले कोनी कामवर ठेवत नही." बाप सुरतला, आई वेचणीला, नववीतून शाळा सुटलेली.

भावांनो, आम्ही कृषी पदवीधर, म्हणून शेतातले उदाहरण देतो. गुलाबी बोंडअळी आधी फुलात शिरते. पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटतात, डोमकळी होते. जाणता शेतकरी तेव्हाच ती तोडून नष्ट करतो. बोंड फुटायची वाट पाहत बसला, तर हाती किडकी सरकी आणि पिवळी कवडी येते. पण डोमकळी दिसली म्हणून कोणी कपाशीचे झाड उपटत नाही. कीड वेगळी, झाड वेगळे. पोराच्या बाबतीत मात्र आपण कीड सोडतो आणि झाड उपटतो.

ही चूक जुनी आहे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. भिल्लांना बंदुकीने वठणीवर आणायचा प्रयत्न सात वर्षे चालला, जमला नाही. मग १८२५ साली इथून जवळच, धरणगावला, औट्रम नावाच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. ज्यांना लुटारू म्हणत होते त्यांना पगार दिला, गणवेश दिला, विश्वास टाकला. इंग्रजांनी हे काही प्रेमापोटी केले नाही, राज्य टिकवायला केले. पण बंदुकीला जे साधले नाही ते कामाने आणि विश्वासाने साधले, हे त्यांनाही कबूल करावे लागले.

त्याच इंग्रजांनी १८७१ साली उलटा कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवली. पुढे सोलापूरला अशा लोकांच्या वसाहती झाल्या, हजेरी लागू झाली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का गेला नाही. आजही चोरी झाली की आधी पारध्याच्या पोराकडे बोट जाते. जो शिक्का बसला तोच धंदा पोराच्या गळ्यात पडतो.

दुसरी गोष्ट अमळनेरचीच. १९२४ साली मुंबई सरकारने बालकांचा कायदा केला, आणि त्याच वर्षी साने गुरुजी इथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालय त्यांच्याकडे आले. पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आजारी पोराच्या उशाशी बसत. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडली तोवर हेच चालले. श्यामच्या आईत एक प्रकरण श्यामने केलेल्या चोरीचेच आहे. चोरी केलेले पोर वाया गेलेले नसते, हे आपल्या गावात राहून गेलेल्या माणसाने महाराष्ट्राला सांगितले. आपण पुस्तक वाचून डोळे पुसतो, आणि आपल्या पोराला लिंबाला बांधतो!

आता कायद्याचे. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या पोराला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतले तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी बाई. शेतातल्या केबलसारखी साधी चोरी कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा आहे. पोराने एकट्याने केली असेल तर तिचा एफआयआर होत नाही. पोलीस डायरीत नोंद करतात आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवतात. मंडळ समज देऊन, समुपदेशन लावून, समाजसेवेचे काम देऊन त्याला घरी सोडू शकते. आणि पोरांना हाताशी धरून बेकायदा धंदा करणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. रात्री वाळूच्या ट्रॅक्टरवर पोरांना बसवणाऱ्यांनी हे कान देऊन ऐकावे.

पण कायदा येतो चोरी झाल्यावर. आपले काम त्याच्या आधीचे. डोमकळी ओळखा. पोरगा शाळेला दांडी मारू लागला, खिशात हिशेब न लागणारा पैसा आला, रात्री बाहेर राहू लागला, हातात दुसऱ्याची मोटारसायकल दिसली, की त्याच आठवड्यात त्याच्या घरी जा. पंचायत म्हणून नका जाऊ, काका म्हणून जा. नववी-दहावी सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा. आयटीआयची चौकशी करा. आखाजीला सालदार ठरवताना त्याच्या पोराची शाळा तुटणार नाही ना, हेही बोलून घ्या. ग्राम बालसंरक्षण समिती कागदावर असेल तर तिची बैठक मागा. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फोन आहे, वकिलासाठी विधी सेवा समिती आहे, मुलांना तिथे वकील फुकट मिळतो.

लिंबाला बांधलेल्या त्या पोराचे सांगून थांबतो. केबलवाल्या भावानेच शेवटी दोर सोडला. भरपाईचे हप्ते बापाने कबूल केले. आमच्या ओळखीच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे पोरगा दुपारनंतर बसू लागला, सकाळी अभ्यास. दहावी दुसऱ्या खेपेला सुटला. आज गावातल्या मोटारी तोच बांधून देतो, आणि त्या भावाचीही त्यानेच बांधली.

पण त्याच्या आधीच्या वर्षी दुसऱ्या एका पोराच्या आईने आम्हाला दोनदा निरोप पाठवला होता. आम्ही मोर्च्याच्या तयारीत होतो. "नंतर बघू" म्हणालो. तो पोरगा मोटारसायकली चोरणाऱ्या टोळीत गेला, अठरा ओलांडली, आता कोर्टाच्या तारखा करतो. त्याची आई बैठकीला येणे बंद झाली. तिला तोंड दाखवायला आम्हालाच लाज वाटते. मोर्चा आठ दिवस पुढे गेला असता तरी चालले असते.

म्हणून मागणे एवढेच. गावी गेल्यावर प्रत्येक शाखेने दोन माणसे नेमावीत, त्यांत एक बाई. शाळा सुटलेल्या पोरांची यादी करावी आणि पुढच्या बैठकीला घेऊन यावी. भावाची लढाई आपण ज्यांच्यासाठी लढतो, ती पोरेच हातची गेली तर वाढलेला भाव खाणार कोण?