शरदातील ठेव : जोयड्याच्या परसातील भोपळा आणि कोहळा



देवस्थानाच्या व्यासपीठावरून क्षेत्रमाहात्म्य, जीर्णोद्धार, उत्सवांची परंपरा असे विषय नेहमी मांडले जातात. त्यांच्या पंक्तीस भोपळ्याला बसविणे काहींना विनोदाचे वाटेल. मराठी भाषेनेही त्याची थट्टाच अधिक केली आहे. विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाले की त्याच्या पदरी भोपळा पडतो, आणि दोघांचे पटेनासे झाले की त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य जमते. मात्र आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या लेखी कोहळा ही मोलाची वस्तू होती, हे विसरून चालणार नाही. ते मोल कशाचे होते आणि सांप्रत ते कोणत्या अवस्थेत आहे, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीचा उगम याच तालुक्यातील डिग्गी येथे होतो, आणि पावसासाठी विख्यात असलेले कॅसलरॉकही याच तालुक्यात आहे. घनदाट अरण्य, विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा आणि मैलोगणती दूर असलेला बाजार, अशा प्रदेशात घरात काय साठविले आहे यावर कुटुंबाचे स्वास्थ्य अवलंबून असे. श्रावण-भाद्रपदात जुने भात संपत येई, नवे भात अद्याप शेतात उभे असे. नवान्न घरात येईपर्यंतचे ते दिवस ज्याच्या बळावर निभावत, ते अन्न परसातील वेलींवर व मातीखालील कंदांत होते.

मृगाच्या पावसाबरोबर उकिरड्याच्या कडेला टोचलेली बी साडेतीन-चार महिन्यांत मांडवावर, गोठ्याच्या छपरावर पसरते आणि आश्विन-कार्तिकात पक्व फळ देते. या वेलवर्गाचे देवकार्याशी असलेले नाते सर्वपरिचित आहे. गणेशचतुर्थीस मूर्तीवर बांधावयाच्या माटोळीत नारळ-सुपारीबरोबर तवसे, चिबूड, दुधी, कोहळा यांस मानाचे स्थान असते. नरकचतुर्दशीस पहाटे पायाच्या अंगठ्याखाली फोडले जाणारे कारीट हे याच कुळातील रानफळ होय. कार्तिक शुद्ध नवमी ही कूष्मांडनवमी म्हणून ओळखली जाते व त्या दिवशी कोहळ्याचे दान सांगितले आहे. पशुबलीच्या ठिकाणी कोहळा फोडण्याचा प्रघात तर सर्वत्र आहे. अखंड कोहळ्याला पहिली चीर पुरुषाने द्यावी, हा घरोघरीचा संकेतही बलीच्या याच कल्पनेशी जोडला जातो.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कोहळा, म्हणजेच संस्कृतातील कूष्मांड, हा आशियातील पुरातन फळवेल. आयुर्वेदाने त्यास पित्तशामक म्हणून गौरविले आणि कूष्मांडावलेहाची योजना केली. शरदात पित्ताचा प्रकोप होतो असे ऋतुचर्या सांगते, आणि नेमक्या त्याच ऋतूत हे फळ पिकते. लाल भोपळा मात्र मूळचा अमेरिका खंडातील. १४९२ नंतर त्या खंडाशी जगाचे दळणवळण सुरू झाले आणि मिरची, रताळे, काजू, अननस यांप्रमाणे भोपळाही समुद्रमार्गे पूर्वेकडे आला. आज त्याच्यावाचून खतखत्याची कल्पना करवत नाही. परक्या फळास आपलेसे करून नैवेद्याच्या पानात बसविणारी ही पाकपरंपरा किती उदार होती, याचा हा बोलका दाखला होय.

आता साठवणीकडे वळणे योग्य होईल. तोडलेला भोपळा मृत नसतो; तो मंदगतीने श्वसन करीत असतो. त्याची साल हे त्याचे कवच व देठ ही त्याची बूच. म्हणून फळ पूर्ण पक्व झाल्यावरच, सालीत नख रुतेनासे झाल्यावर, चार बोटे देठ राखून कोयतीने कापावे. देठ धरून ते उचलू नये. देठ निखळला की त्या खाचेतून कूज आत शिरते. पुढे आठ-दहा दिवस ते उबदार, वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवावे, म्हणजे साल अधिक टणक होते व बारीक ओरखडे भरून येतात. नंतर गवताच्या चुंबळीवर, एकास दुसरे लागणार नाही असे मांडावे. ओल्या जमिनीचा स्पर्श व मुका मार हे त्याचे दोन शत्रू. अशा रीतीने राखलेले फळ दोन-तीन महिने सहज टिकते. पहिल्या काही आठवड्यांत त्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर होत असल्यामुळे ते अधिक गोडही होते. कार्तिकात काढलेला भोपळा मार्गशीर्षात चिरावा, असे जाणत्या गृहिणी सांगत, त्याचे शास्त्रीय कारण हेच.

कोहळ्याचे वैशिष्ट्य त्याच्या अंगावरील शुभ्र पुडीत आहे. ती धूळ नव्हे. तो निसर्गाने दिलेला मेणाचा लेप आहे. तो पुसून फळ स्वच्छ करणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. लेप शाबूत असल्यास कोहळा सहा महिने, क्वचित वर्षभरही राहतो. सांबाराच्या मोठ्या काकड्या केळीच्या सोपटाच्या दोरीत गुंफून तुळईला टांगीत. त्यामुळे चारी बाजूंनी वारा लागे, उंदीर दूर राहत, आणि चुलीचा धूर दमट हवेतील बुरशीस आळा घाली. जुन्या घराचा काळवंडलेला माळा हे या अर्थाने एक कोठारच होते.

कंदांची तऱ्हा निराळी. त्यांस माती हेच कोठार. सुरणाचे झाड व कणगी, कोन यांचे वेल वाळले तरी कंद गरजेप्रमाणे खणून काढता येतात, आणि काढलेले कंद कोरड्या मातीत वा राखेत ठेवले जातात. जोयड्याची मुडली, म्हणजे अळूच्या जातीचा भला थोर कंद, ही तर या तालुक्याची ओळख होय. येथील कुणबी समाजाने हे वाण पिढ्यान् पिढ्या जतन केले आहे. अलीकडच्या वर्षांत जोयडा येथे त्यांच्या पुढाकाराने कंदमुळांचा मेळा भरतो आणि दूरदूरचे लोक तेथे खरेदीस येतात. ज्या अन्नास एकेकाळी गरिबांचे म्हणून नाक मुरडले जाई, त्यास आज आलेली ही प्रतिष्ठा समाधानाची गोष्ट आहे.

पाकक्रियेत या सर्वांचा मेळ घालणारा पदार्थ म्हणजे खतखते. त्यात कांदा-लसूण नसल्याने ते नैवेद्यास चालते आणि मोठ्या पंगतीस पुरते. सुरण, कणगी, कोन, मुडली हे कठीण कंद आधी शिजवावेत. मग शेवग्याच्या शेंगा, मुळा, कच्ची केळी घालावीत. भोपळ्याच्या फोडी अखेरीस टाकाव्यात, कारण त्या लवकर विरघळतात. शिजलेली तूरडाळ, ओले खोबरे, सुकी मिरची व हळद यांचे वाटप, गूळ, आमसुले आणि शेवटी ठेचलेल्या तिरफळांचे पाणी, एवढी सामग्री झाली म्हणजे पुरे. तिरफळाचा वृक्ष सह्याद्रीत वाढतो. त्याचा उग्र सुगंध हाच खतखत्याचा आत्मा. दुसऱ्या दिवशी त्याची रुची अधिकच वाढते, हे सांगावयास नकोच.

किसलेला भोपळा पाणी न घालता गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढे पीठ मळून केलेले घारगे दोन-तीन दिवस टिकतात; पूर्वी प्रवासाच्या शिदोरीत ते हमखास असत. पिकलेल्या तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे यांचे तवसळे खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची रीत आता विरळ झाली, तरी वाफेवरही ते उत्तम होते. भोपळ्याला पिवळेपणा देणारे कॅरोटीन शरीरात जीवनसत्त्व 'अ' बनते आणि ते स्निग्ध पदार्थासोबत अधिक शोषले जाते. खोबऱ्याची जोड देणाऱ्या आजीबाईंनी हे पुस्तकात वाचलेले नव्हते. एक सूचना मात्र आवश्यक आहे : दुधी, काकडी वा भोपळ्याची फोड कडू लागल्यास ती शिजवू नये, टाकून द्यावी, या वर्गातील तो कडूपणा विषारी असू शकतो.

कोहळ्याचा प्रवास यांहून दीर्घ आहे. कार्तिकात उतरविलेला कोहळा चैत्रापर्यंत राखून, तेव्हा किसून, उडदाच्या वाटणात हिंग-मिरचीसह कालवून त्याचे सांडगे कडक उन्हात वाळविले जातात आणि डब्यात भरले जातात. श्रावणात, भाज्यांची टंचाई असताना, तेच तळून पेजेबरोबर वाढले जातात. तोवर परसात नवा वेल मांडवावर चढलेला असतो. एका फळाने वर्षाचे वर्तुळ पूर्ण केलेले असते.

परंतु हे वर्तुळ एका वस्तूवाचून पूर्ण होत नाही, आणि ती म्हणजे बी. या व्याख्यानाचा खरा मुद्दा येथे येतो. पूर्वी सर्वांत सुडौल, सर्वांत उशिरा चिरलेल्या फळाचे बी धुऊन, सावलीत सुकवून राखेत ठेवीत, किंवा शेणात कालवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापीत. मृगाच्या दिवशी तेच भिंतीवरून खरवडून पेरले जाई. सुनेने माहेरहून आणलेले बी सासरच्या परसात रुजे. काळी नदीवरील धरणाने जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, ठाणे जोयड्यास आले, आणि अनेक कुटुंबे रामनगरादी ठिकाणी वसविली गेली. घर व जमीन यांची मोजदाद कागदावर झाली. भिंतीवर थापलेल्या बियांची नोंद कोणत्या कागदावर व्हावी? उरलेले काम शिक्षण-नोकरीनिमित्त झालेल्या स्थलांतराने केले. बेळगाव, हुबळी, पुणे, मुंबई येथे स्थायिक झालेली महाजन कुटुंबे चतुर्थीस गावी येतात, पण माटोळीचे साहित्य पुष्कळदा बाजारातून घेऊन. बाजारी फळ संकरित असेल तर त्याचे बी पुढल्या वर्षी मूळ गुण देत नाही. फळ मिळते, वंश खुंटतो.

यावर उपाय खर्चिक नाही. महाजनांच्या प्रत्येक घराण्याने चतुर्थीच्या माटोळीसाठी वा उत्सवाच्या भांडारासाठी आपल्या परसातील, अथवा आपल्या कुळाच्या शेतातील, एक तरी गावठी फळ आणावे. त्यातील पूर्ण पिकलेली फळे भांडारात महिनाभर राखून मगच चिरावीत, म्हणजे बी आतल्या आत भरते. बी सुकवून, वाणाचे नाव, गाव व साल लिहून बंद बरणीत ठेवावे. कोरडे राखल्यास ते चार-पाच वर्षे उगवणक्षम राहते. अक्षय्यतृतीयेस प्रसादासमवेत त्याची पुडी ज्यास हवी त्यास द्यावी, आणि घेणाऱ्याने पुढील वर्षी दुप्पट परत करावी. दोन प्रकारचे लाल भोपळे शेजारी लावल्यास मधमाश्यांमुळे त्यांचा संकर होतो, म्हणून एका परसात एकच वाण राखावे. कोहळा व भोपळा यांचा परस्परांत संकर होत नाही, ते निर्धास्तपणे जवळ लावता येतात. ज्या कुणबी बांधवांनी कंदांचे वाण सांभाळले, त्यांच्याकडून हे शिकण्यात महाजनांस कमीपणा नाही; उलट त्यांना सन्मानाने भांडारात बोलावणे हेच उचित होय.

देवस्थानाच्या भांडारात सोन्याचांदीचे अलंकार कुलूपबंद असतात आणि त्यांची नोंद दरवर्षी तपासली जाते. राखेतले मूठभर बी हीदेखील पूर्वजांनी मागे ठेवलेली ठेवच आहे. अलंकार हरवला तर तो पुन्हा घडविता येईल; वाण नष्ट झाले तर ते कोणत्याही सोनाराकडून घडवून घेता येणार नाही. येत्या मृगात प्रत्येक महाजन घराण्याच्या परसात एक तरी गावठी वेल चढावा आणि त्याचे पहिले फळ देवाच्या माटोळीला लागावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

इति शम्.