अनुभवाला नोंदीची जोड

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



संशोधन या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणीसांची इच्छा समजली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले. उभे आयुष्य जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुळाक्षरे आणि पाढे शिकविण्यात गेले. प्रयोगशाळेची पायरी चढलो ती सहलीच्या मुलांना रांगेत धरून. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, संशोधन करणारे पुष्कळ बोलतात. ज्यांना त्याचा उपयोग व्हायचा, त्यांच्या बाजूने तुम्ही बोला." हे आम्हांस पटले, म्हणून उभे राहिलो आहो.

यंदाच्या गौरवाच्या यादीत पदवी घेऊन पुढे संशोधनाकडे वळलेली तीन नावे आहेत. एक कन्या इमारत बांधकामाच्या कायद्याचा अभ्यास करीत आहे. एक मुलगा कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम करीत आहे. दुसरी एक कन्या आपल्या डोंगरातील औषधी वनस्पती तपासीत आहे. यादी वाचली जात असता आमच्या शेजारी बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हळूच विचारले, "कायदा, सांडपाणी आणि झाडपाला, यांचा एकमेकांशी संबंध काय?" आजचे आमचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

प्रथम घराचे पाहू. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पुंजीतून आम्ही एका नव्या इमारतीत सदनिका घेतली. दुसऱ्याच पावसाळ्यात पश्चिमेकडील भिंतीला ओल धरली आणि गिलावा सुटू लागला. आम्ही तीन वेळा बांधकाम करणाऱ्या गृहस्थांकडे जाऊन सांगितले. त्यांनी चहा पाजला आणि म्हटले, "गुरुजी, हा कोकणातला पाऊस आहे. बघू." असे वर्ष गेले. शेवटी आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तोंडी सांगणे आता पुरे. भिंतीची छायाचित्रे तारखेसह काढू या, करारनामा काढा, आणि लेखी पत्र देऊ या." २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात असे कलम आहे की, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधणीत किंवा कामाच्या प्रतीत दोष आढळून तो कळविला, तर बांधणाऱ्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा. पत्र गेले आणि महिन्याभरात गवंडी आले. तीन वर्षे तीच भिंत होती आणि तीच ओल होती. बदल एवढाच झाला की ओलीला तारीख मिळाली.

हा कायदाही आकाशातून पडलेला नाही. मुंबईत जागांची टंचाई झाली आणि सदनिका घेणाऱ्यांची फसवणूक होऊ लागली, तेव्हा शासनाने १९६० साली एक चौकशी समिती नेमली. लोकांच्या अडचणी तिने एकत्र केल्या, १९६१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्राचा सदनिकांविषयीचा कायदा झाला. लेखी व नोंदविलेला करार केल्यावाचून किमतीच्या एकपंचमांशाहून अधिक आगाऊ रक्कम घेऊ नये, असा निर्बंध त्याने घातला. पुढच्या अनुभवाने तोही अपुरा ठरला. नव्या कायद्याने ही मर्यादा एकदशांशावर आणली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण काम करीत आहे. विखुरलेल्या तक्रारी कोणी तरी गोळा केल्या, त्यांतील समान दोष शोधला आणि त्यावर उपाय सुचविला. कायद्यातील व्यवहारोपयोगी संशोधन ते हेच, असे आम्ही समजतो.

आता खाडीकडे वळू. आमची काही वर्षे जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या शाळेत गेली. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मासेमारी करीत. एके दिवशी सकाळीच ते शाळेच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "गुरुजी, बोय वर येऊन तोंड उघडतोय. पाण्यात दम राहिला नाही." त्यांना अक्षरओळख बेताची, परंतु त्या एका वाक्यात रसायनशास्त्राचा एक धडा होता. सांडपाण्यातून कुजणारे पदार्थ पाण्यात आले की त्यांना कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. मग मासा श्वासासाठी पृष्ठभागावर येतो आणि शेवटी मरतो. गोड्या पाण्यातील मत्स्यजीवनासाठी दर लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सांडपाण्यातील घाण कुजविण्यास किती प्राणवायू खर्ची पडेल हेही मोजता येते. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे.

त्या गृहस्थांनी मेलेल्या माशांची टोपली घेऊन एक कचेरी गाठली. तेथे त्यांना विचारण्यात आले, "पुरावा काय?" टोपलीला तोवर दुर्गंधी सुटली होती. पाण्याचा नमुना घेण्यास माणसे आली ती चौथ्या दिवशी. खाडीत दिवसातून दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी होते. त्यातून ते उधाणाचे दिवस. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ निघाले यात नवल कसले? ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते आणि नमुनाही खोटा नव्हता. परंतु कागदावर एकच गोष्ट राहिली. पुढे त्यांच्या मुलाने जाळे सोडले आणि तो मुंबईला गेला.

पाण्याच्या प्रदूषणाविषयीचा १९७४ चा केंद्रीय कायदा आम्ही पुढे वाचला, तेव्हा या गोष्टीचे मर्म कळले. नमुना कसा घ्यावा हे त्यात बारकाईने सांगितले आहे. ज्याच्या आवारातून पाणी बाहेर पडते त्याला सूचना द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, भांडी मोहोरबंद करावयाची आणि दोघांनी त्यांवर सही करावयाची. ही रीत पाळली नाही तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. सांडपाण्याचा अभ्यास करणाऱ्या मुलाने कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कन्येशी का बोलावे, हे येथे स्पष्ट होईल.

आपल्या जिल्ह्यात खेड तालुक्यात लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तेथील सांडपाण्यावर सामायिक केंद्रात प्रक्रिया होऊन ते दाभोळच्या खाडीत सोडले जाते. त्या खाडीकाठच्या मच्छीमारांची मासे मरत असल्याची तक्रार अनेक वर्षांची आहे. दुसऱ्या बाजूस, आपल्याच ज्ञातीतील कित्येक घरांची चूल त्या वसाहतीतील नोकरीवर पेटते, हेही आम्ही विसरत नाही. कारखाना की खाडी, असा वाद घालून दोघांचेही पोट भरत नाही. रोजच्या रोज, भरतीला आणि ओहोटीला, पाणी कोणी मोजले आणि ते आकडे सर्वांस पाहावयास मिळाले, तर दोष कोठे आहे ते दिसेल आणि तो दूर करण्याचा मार्गही निघेल. आपल्या शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, नागपुरास १९५८ पासून पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे. शास्त्र आपल्याकडे आहे. ते खाडीच्या धक्क्यापर्यंत नेणारी माणसे हवी आहेत.

आता तिसरा विषय. येथे आम्हांस घरचीच एक गोष्ट सांगावी लागते. आमची धाकटी बहीण सात वर्षांची असता तिला कावीळ झाली. गावातील एक सज्जन झाडपाल्याचे औषध देत. पैसा घेत नसत. त्यांच्या हाताने अनेकांना गुण आला होता. आईने विश्वासाने ते औषध दिले. नवव्या दिवशी बहीण भ्रमात गेली. डोलीतून मोटाररस्त्यापर्यंत नेईतो तिने प्राण सोडला. त्या सज्जनांचा हेतू शुद्ध होता, याविषयी आमच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले की, दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मग औषध कोणतेही घेतले तरी यश त्याच्या पदरी पडते. थोड्या रोग्यांचे यकृत मात्र झपाट्याने बिघडते आणि त्यांना वेळीच रुग्णालयात न्यावे लागते. किती जणांस ते मूळ दिले, किती बरे झाले आणि किती गेले, याची वही गावात कोणी ठेवली नव्हती. बरे झालेले लोक बोलत राहिले. गेलेले काय बोलणार?

काविळीवर आपल्याकडे भुईआवळीचा रस देतात. त्या वनस्पतीची परीक्षा मद्रासच्या संशोधकांनी घेतली आणि ती १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू अंगात बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळी दिली, तेव्हा २२ जणांच्या रक्तातून त्याची खूण नाहीशी झाली. नुसती भुकटी दिलेल्या २३ जणांत असा एकच आढळला. सर्वत्र आनंद झाला. परंतु पुढे अन्यत्र झालेल्या परीक्षांत तसा गुण ठामपणे दिसला नाही, आणि २०११ साली साऱ्या परीक्षा एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा खात्रीलायक पुरावा नाही असाच निर्वाळा निघाला. यात कोणी दुःख मानू नये. आशा वाटली तेही लिहिले आणि आशा फोल ठरली तेही लिहिले, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.

उलट उदाहरणही देतो. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे लहान झाड आहे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. तेच द्रव्य नरक्यात असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखविले. मूळ द्रव्य रोग्यांना सोसवले नाही. म्हणून त्याच्या रचनेत फेरफार करीत संशोधक तीस वर्षे झटले आणि १९९६ साली त्यापासून बनविलेल्या दोन औषधांना कर्करोगावर वापरण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र मागणी वाढताच आपल्या जंगलातील नरक्यावर बेसुमार कुऱ्हाड चालली. म्हणून वनस्पतीच्या गुणाबरोबर तिच्यावरील हक्काचीही नोंद हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हद्दीत लोकांची जैवविविधता नोंदवही व्हावी अशी व्यवस्था केली आहे. आपल्या गावच्या वहीत काय लिहिले आहे, हे येथील किती जणांनी पाहिले आहे? आमच्या गावची आम्ही गेल्या वर्षीपर्यंत पाहिली नव्हती.

संशोधनाला मोठी प्रयोगशाळाच लागते, असेही नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातील आरोग्यकेंद्रात विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध येथे उपयोगी पडते असे त्यांनी दाखविले. शेकडा ४० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा १ पर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळ साधन होते ते वही आणि घड्याळ.

शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता पुरे झाले असावे. ओल धरलेली भिंत, तोंड उघडणारा बोय आणि भ्रमात गेलेली मुलगी, तिन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने खरे तेच पाहिले होते. परंतु ते तारखेने, मापाने आणि रीतीने लिहून ठेवल्यावाचून त्याचा उपयोग दुसऱ्याला झाला नाही.

शेवटी आमच्या तीन विनंत्या आहेत. तिन्ही संशोधक मुलांनी आपल्या अभ्यासाचे सार पुढील वर्षीच्या स्मरणिकेत दोन-दोन पानांत, आजीला वाचून दाखविता येईल अशा मराठीत लिहावे. प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. घराची कागदपत्रे, विहिरीच्या पाण्याची पातळी व चव, घरात कोणाला कोणते औषध दिले आणि पुढे काय झाले, हे तीत लिहावे. आणि कावीळ झाल्यास झाडपाल्याची वाट न पाहता प्रथम रक्त तपासून घ्यावे. तिसरी विनंती मंडळास आहे. गावच्या पाण्याची किंवा वनस्पतींची वर्षभर नोंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास दरवर्षी पारितोषिक द्यावे. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून दरसाल एकवीसशे रुपये आम्ही देऊ. रक्कम लहान आहे. ती आमच्या धाकट्या बहिणीच्या स्मरणार्थ आहे.

 मुलांनो, तुम्हांस आमचे आशीर्वाद आहेत.