न्हाणीघरातील बुरशी



श्रावणात पावसाने थोडी उघडीप दिली, की गोव्यातील गृहिणीचे लक्ष प्रथम अंगणाकडे जाते आणि मग न्हाणीघराच्या भिंतीकडे. तेथे छताजवळच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटलेले असतात, फरश्यांच्या सांध्यांतून हिरवट-काळी रेघ गेलेली असते आणि दार उघडताच कुबट वास नाकाला झोंबतो. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात असे व्हावयाचेच, असे म्हणून आपण महिना-दोन महिने तिकडे काणाडोळा करतो. आणि मग एखाद्या दिवशी हाताला येईल ते औषध बादलीत ओतून भिंतीवर तुटून पडतो. काणाडोळा आणि घाई या दोन्ही गोष्टी सारख्याच अहितकारक आहेत, हे मला आज सांगावयाचे आहे.

बुरशी ही नुसती घाण नव्हे. ती सजीव आहे. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. साबणाचा चिकटा, अंगाचा मळ, रंगातील द्रव्ये एवढे अन्न तिला पुरते. मात्र पाण्यावाचून तिचे चालत नाही. याच कुळातील एका बुरशीने १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा मार्ग दाखविला, हे तिचे मानवजातीवर उपकार खरेच. परंतु घरात दम्याचा रोगी असेल, लहान मूल असेल, तर भिंतीवरची बुरशी त्यांचा खोकला आणि धाप वाढविते, हेही तितकेच खरे.

आमच्या आजीच्या काळचे न्हाणीघर आठवून पाहा. कोपऱ्यात चूल, चुलीवर तांब्याचा हंडा, खाली नारळाची सोडणे धुमसत असत. भिंतीला चुना असे आणि कौलांच्या फटींतून वारा खेळत असे. विस्तवाने ती जागा सुकत असे आणि ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने बुरशीला तेथे सहसा थारा मिळत नसे. आजच्या न्हाणीघरात विजेच्या बंबाचे कढत पाणी आहे, पण वाफेला बाहेर पडण्यास वाट नाही. धूर गेला हे चांगलेच झाले. त्याबरोबर कोरडेपणाही गेला, ही उणीव मात्र आपणांस भरून काढावी लागेल.

आता प्रत्यक्ष सफाईकडे वळू. डाग कोरडा असताना कधीही खरवडू नये. बीजाणू हवेत उडतात. प्रथम भिंत ओली करावी, खिडकी उघडावी, हातात रबरी मोजे घालावेत, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा. चकचकीत फरशीवर साबण आणि धुण्याचा सोडा यांचे गरम पाणी लावून ब्रशाने घासले, तर बरेचसे डाग निघतात. सांध्यांतील हट्टी काळेपणासाठी बाजारात मिळणारा ब्लीचचा द्रव वापरता येतो. एक वाटी द्रवास सोळा वाट्या थंड पाणी घ्यावे, लावून दहा मिनिटे ठेवावे व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. पांढरा शिरका बुरशीच्या काही जातींवर चालतो, सर्वांवर नाही. शिवाय तो आम्ल असल्याने चुन्याच्या भिंतीला आणि संगमरवराला खातो. गिलाव्यावर ब्लीचचा उपयोग थोडाच, कारण त्याने वरचा रंग उडतो, पण आत रुजलेली बुरशी तशीच राहते. तेथे सुटलेला रंग व पोपडे ओले करून काढावेत, भिंत पुरती वाळू द्यावी आणि मगच नवा हात द्यावा. डाग १० चौरस फुटांहून अधिक पसरला असेल, तर हे काम जाणकाराकडे सोपवावे.

येथे मी एक इशारा देतो, आणि बाकी सारे विसरलात तरी तो विसरू नये. दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. ब्लीचमध्ये शिरका किंवा शौचकूप धुण्याचे अ‍ॅसिड मिसळले, की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथील रणांगणावर सैनिकांवर सोडलेला वायू तो हाच. ब्लीच आणि अमोनिया यांच्या मिश्रणातूनही विषारी वायू निघतात. लहानशा बंद खोलीत प्राणावर बेतण्यास एवढे पुरे होते. एकाने गुण आला नाही म्हणून त्यावरच दुसरे ओतण्याचा मोह टाळावा. चुकून तसे झालेच, तर बादली उचलण्यासाठी न थांबता तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि छातीत जळजळ वा धाप वाटल्यास डॉक्टरांकडे जावे.

एवढे करूनही आठ दिवसांत डाग त्याच जागी परत आला तर? मग दोष औषधाचा नव्हे, पाण्याचा आहे. ते कोठून येते हे कळण्यास एक सोपी युक्ती आहे. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करावा आणि प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. दव प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगावर जमले, तर ती खोलीतील वाफ होय. आतल्या अंगावर जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. पहिल्या बाबतीत वारा हवा. दुसऱ्या बाबतीत नळजोडणी, गच्ची वा टाकी तपासणारा कारागीर हवा. तो न बोलाविता वरून तैलरंग फासणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

रोजचा उपाय अगदी साधा आहे. शेवटचे स्नान आटोपल्यावर भिंतीवरचे पाणी रबरी पट्टीने खाली ओढावे, खिडकी अर्धा तास उघडी ठेवावी, वारा खेचणारा पंखा असल्यास तो चालू ठेवावा आणि ओले पंचे तेथेच लोंबकळत ठेवू नयेत. यास पाच मिनिटांचे श्रम पडतात आणि औषधाचा पैसाही लागत नाही. हे काम एकट्या गृहिणीचे समजू नये; जो शेवटी न्हाईल त्याने ते करावे. बुरशी बाटलीने एकदा जाते. कोरडेपणाने ती कायमची दूर राहते.