करंगळी



ग्रुपवर ठरलं होतं की मी कॉम्प्युटरवर बोलायचं. पण आज मी लघवीबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकांवर हसणं सुरू झालं. हसा बाप्पा, शाळेतही ते तिथूनच सुरू व्हायचं.

आपण करंगळी वर केली की बाई म्हणायच्या, "आत्ताच तर सुट्टी झाली ना?" माझी मुलगी पहिलीत असताना तिची करंगळी दर तासाला वर व्हायला लागली. पाण्याची बाटली दोनदा भरायची, वजन उतरत होतं. आम्ही म्हणालो, अमरावतीचा उन्हाळा आहे. तिच्या वर्गशिक्षिकेने मात्र बोलावून सांगितलं, "ताई, एकदा रक्त तपासून घ्या." साखर चारशेच्या वर निघाली. टाइप वन मधुमेह. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडात लागला. त्याआधी अशी मुलं फार जगत नसत. आज ती जगतात, शिकतात, खेळतात. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांच्या 'ड्रीम ट्रस्ट'ने १९९५पासून गरीब घरच्या मुलांना मोफत इन्सुलिन दिलं आहे. फ्रीज नसलेल्या घरांत इन्सुलिन मातीच्या मडक्यात गार ठेवतात. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात ते मडकं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

पण मूल जगलं की पुढचा प्रश्न येतो, त्याच्या किडनीचा. किडनी म्हटलं की आपल्या अकोल्याकडे खारपाणपट्ट्याच्या पाण्याची गोष्ट निघते. पूर्णाकाठच्या गावांची ती काळजी आहेच. मधुमेही मुलाची किडनी मात्र पाणी कितीही गोड असलं तरी बिघडू शकते. एका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की त्या सैल होतात आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. तेव्हा काही दुखत नाही, सूज येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा नॉर्मल असतं. ते बरंच काम गेल्यावरच वाढतं.

इथे माझी चूक सांगते. मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करायला लावली आणि बजावलं, "आता ही दरवर्षी." पहिली ठीक आली. पुढची दोन वर्षं मी केलीच नाही. मध्ये एकदा तिला ताप आला तेव्हा साधी लघवी तपासली होती. रिपोर्टवर 'प्रथिने : नील' छापलेलं होतं. मी निश्चिंत झाले.

मी इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडण्याआधी नोंदींमध्ये बारीक इशारे येत असतात. ते आपण बघतच नसू तर पडद्यावर सगळं हिरवं दिसतं, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. तरी 'नील' वाचून मी विचारलं नाही की ही पट्टी किती कमी प्रथिन पकडते. साधी पट्टी सुरुवातीची गळती बहुधा पकडतच नाही. त्यासाठी 'मायक्रोअल्ब्युमिन' किंवा 'एसीआर' असं सांगून वेगळी तपासणी करावी लागते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक.

तिचं ४६ आलं. त्या रात्री मी झोपले नाही. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. काल शाळेत खेळाचे सामने होते ना? पळापळ, ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, कशानेही आकडा वाढतो. सकाळची पहिली लघवी आणा." सहा महिन्यांत तीन नमुने तपासायचे आणि त्यातले दोन वाढलेले असतील तरच खरं धरायचं. आमचे दोन वाढलेले निघाले.

पण वेळेवर कळलं होतं. साखर कसोशीने सांभाळली, रक्तदाब बघितला, डॉक्टरांनी किडनीला जपणारी रक्तदाबाची एक गोळी सुरू केली. वर्षाने आकडा १९वर आला. हा चमत्कार नाही. अमेरिका-कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निकाल १९९३ साली आले, तेव्हाच दिसलं होतं की साखर काटेकोर ठेवली तर ही सुरुवातीची गळती ३९ टक्क्यांनी कमी होते.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्या घरात, शेजारात असं मूल आहे त्यांनी साधारण अकराव्या वर्षापासून, आजाराला दोन ते पाच वर्षं झाली की, ही तपासणी दरवर्षी करावी. केव्हापासून, ते डॉक्टरांना विचारा. मुलाच्या वाढदिवसालाच तारीख बांधून टाका. मी तसंच केलंय. टाइप टू असेल तर आजार कळल्यापासूनच.

आणि आपल्यापैकी जे आज शिक्षक आहेत त्यांना सांगते, एखाद्या मुलाची करंगळी वारंवार वर होत असेल, तर त्याला रागावण्याआधी त्याच्या आईला बोलवा. माझ्या घरी सगळं तिथूनच सुरू झालं.