व्ही आणि त्याची जनावरं

आज 'डेव्हिल मे क्राय 5'मधल्या व्हीबद्दल बोलायचंय. कॅपकॉमचा 2019चा गेम. नीरो आणि डान्टे स्वतः तलवार फिरवतात. व्ही मात्र हडकुळा, काठी टेकत चालणारा. त्याच्या वतीने लढतात ते राक्षस: ग्रिफॉन पक्षी लांबून विजा सोडतो, शॅडो ही काळी बिबटी जवळून फाडते. नाइटमेअर म्हणजे धिप्पाड धूड, गेज भरला की आभाळातून कोसळतं. ते आलं की व्हीचे काळे केस पांढरे होतात!

खरं सांगू? मिशन 4मध्ये व्ही हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. तीनदा मेलो. डिस्क विकायला काढली, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

दुपारी म्हटलं, शेवटचं एकदा. तेव्हा चूक कळली. मी सगळा वेळ शॅडोकडे बघत होतो आणि इकडे व्ही मार खात होता. नजर त्याच्यावर ठेवली, तसा खेळ उलगडला. जनावरं शत्रूला अर्धमेलं करतात, पण जीव घेत नाहीत. शेवटचा घाव व्हीच्या काठीचाच. म्हणजे लांब राहायचं, पण नेमक्या क्षणी पुढे घुसायचं. शॅडो पडली तर जवळ जाऊन उभं राहायचं, लवकर सावरते. आणि गेज भरायला भर लढाईत पुस्तक वाचायचं! असला नायक मी तरी दुसरा पाहिला नाही.

गिऱ्हाइकाला फोन केला. बिचारा कल्याणहून निघाला होता.