पाठ लागल्यानंतरची कुस्ती

मराठी माणसाला कुस्तीचा निकाल समजावून सांगावा लागत नाहीं. लाल मातीच्या हौद्यांत एका मल्लाची पाठ जमिनीला टेकली, कीं प्रेक्षकांत एकच आरोळी उठते. विजयी मल्लाला खांद्यावर घेतलें जातें आणि पराभूत मल्ल अंगाची माती झटकीत बाजूला होतो. 'चीतपट करणें', 'आस्मान दाखविणें' हे वाक्प्रचार तालमींतून निघून संसारांत, राजकारणांत आणि न्यायालयांत कधींच रूढ झाले आहेत. पाठ लागली म्हणजे सर्व संपलें, ही समजूत भाषेच्याच अंगांत मुरलेली आहे.

अशा श्रोत्याला, ज्या विद्येचा पहिला धडा पाठ जमिनीला लागल्यानंतरच सुरू होतो, ती विद्या थोडी चमत्कारिक वाटली तर नवल नाहीं. ही विद्या म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू. तिचें कूळ जपानी, संगोपन ब्राझीलमधील, आणि आज तिचे वर्ग जगांतील बहुतेक मोठ्या शहरांत चालतात.

तिची कथा तोकियोमध्यें सुरू होते. १८८२ सालीं जिगोरो कानो या तरुण विद्वानानें एका बौद्ध मंदिराच्या आवारांत कोदोकान ही आपली शाळा उघडली. जुन्या सामुराई परंपरांतील जिउ-जित्सूचे डाव त्यानें अभ्यासिले, निवडिले आणि त्यांना जुदो हें नांव दिलें. या निवडीमागें एक मोठा विचार होता. जो घाव मारला असतां सोबत्याला कायमची इजा होते, तो घाव पूर्ण जोमानें कधींच गिरवितां येत नाहीं. आणि जो जोमानें गिरवितां येत नाहीं, तो प्रसंगीं हाताला येत नाहीं. म्हणून कानोनें असे घाव मोकळ्या सरावांतून वगळले. उरलेले डाव, म्हणजे फेंक, पकड, गळ्याची आवळणी आणि सांध्याची मुरड, हे शिष्य रोज परस्परांवर सर्व शक्तीनिशीं आजमावूं लागले. धोका कमी केल्यामुळें विद्या मवाळ झाली नाहीं, उलट ती अधिक खरी झाली.

कोदोकानचाच एक शिष्य मित्सुयो मायेदा हा १९०४ सालीं जपान सोडून निघाला. अमेरिका, युरोप, क्यूबा, मेक्सिको असा कुस्त्या करीत फिरत तो १९१४ सालीं ब्राझीलमध्यें उतरला आणि पुढें ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम या शहरीं स्थायिक झाला. तेथेंच १९४१ सालीं त्याचें निधन झालें. त्याच्या विद्येचा लाभ झालेल्या तरुणांत कार्लोस ग्रेसी हा एक होता. त्या काळीं कानोच्या जुदोलाही परदेशांत सर्रास जिउ-जित्सूच म्हणत; तें जुनें नांव ब्राझीलमध्यें टिकून राहिलें. कार्लोस व त्याचे भाऊ यांनीं रिओ दि जानेरो येथें शिकविण्यास आरंभ केला. त्यांपैकीं धाकटा एलिओ हा अंगानें किरकोळ होता. ज्या डावाला बळ लागे तो त्याला साधेना. म्हणून बळाच्या जागीं तरफ आणि घाईच्या जागीं धीर कसा घालतां येईल, याचा शोध त्यानें आयुष्यभर घेतला. याच शहराच्या उपनगरांत ओस्वाल्दो फाद्दा हा दुसरा एक गुरु, ज्यांना फी परवडत नसे अशा गरिबांच्या मुलांना हीच विद्या शिकवीत होता. तोही मायेदाच्याच शिष्यपरंपरेंतला.

परंतु लढण्यासाठीं जमिनीवरच कां यावें? उभ्या लढतींत उंची, वजन, हाताचा पल्ला आणि झेप यांचें महत्त्व मोठें असतें. तेथें लहानखुऱ्या माणसाचा निभाव लागणें कठीण. जमिनीवर मात्र मोठ्या माणसाला आपलें वजन वेगानें फेंकतां येत नाहीं. शिवाय खालीं उताणा पडलेल्याचे दोन्ही पाय मोकळे होतात, आणि पाय हे हातांपेक्षां किती तरी बलवान. हे पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोंवतीं घालून त्याला अंतरावर धरणें, या अवस्थेला पोर्तुगीज भाषेंत 'ग्वार्दा', म्हणजे पहारा, असें नांव आहे. पाठ लागलेला माणूस येथें पराभूत नसून पहाऱ्यावर असतो, ही कल्पनाच या विद्येचा गाभा होय.

पुढचा सारा व्यवहार त्या पहाऱ्याभोंवतीं फिरतो. वरचा मनुष्य तो ओलांडून बाजूला येऊं पाहतो. खालचा त्याला उलटवूं पाहतो. स्पर्धेंत गुण कसे दिले जातात हें पाहिलें म्हणजे या जागांची किंमत कळते. प्रतिस्पर्ध्याला पाडल्याबद्दल २ गुण, खालून उलटवून वर आल्याबद्दल २, पहारा ओलांडल्याबद्दल ३. छातीवर स्वार झाल्यास किंवा पाठीमागून पायांची मिठी घातल्यास ४. मिळविलेली जागा ३ सेकंद टिकवावी लागते. पण प्रतिस्पर्ध्यानें हार मानली, कीं गुणांचा हिशेब तेथेंच संपतो.

आतां एखाद्या नेहमींच्या वर्गांत डोकवावें. गादी अंथरलेली आहे. शिष्य पट्ट्यांच्या क्रमानें ओळींत उभे राहून शिक्षकाला वंदन करितात. आरंभीं अंग तापविण्याचे व्यायाम होतात. त्यांत दोन हालचालींना विशेष मान असतो. एक, पाठीवर पडून टांचा रोवून कंबर कमानीसारखी उंच उचलणें; आणि दुसरी, कुशीवर वळून कंबर मागें सरकवीत कोळंबीप्रमाणें आखडत जाणें. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. परंतु दडपणाखालून सुटण्याचे बहुतेक मार्ग या दोन हालचालींतूनच निघतात.

मग शिक्षक त्या दिवसाचा डाव दाखवितो. समजा, प्रतिस्पर्धी छातीवर स्वार झाला आहे. नवशिक्याची पहिली प्रेरणा त्याला दोन्ही हातांनीं वर ढकलण्याची. आणि तीच घातक, कारण लांबविलेला हात म्हणजे मुरडण्यासाठीं आपण होऊन पुढें केलेला हात. शिक्षक सांगतो : कोपरें अंगाशीं घ्या. त्याचा एक हात छातीशीं अडकवा. त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायानें अडवा. आतां त्या अंगाला त्याला टेंकू उरला नाहीं. मग कंबर उचला आणि त्याच खांद्यावरून वळा. चार पायांच्या टेबलाचे एका बाजूचे दोन पाय काढल्यावर तें जसें कोसळतें, तसाच तो मनुष्य कोसळतो. यांत चमत्कार कांहींच नाहीं. परंतु हात अडकविला आणि पाय अडवायचा राहिला, तर सारा डाव फुकट जातो.

जोडीजोडीनें हा डाव दहा वेळां, वीस वेळां गिरविला जातो. प्रथम सोबती मुळींच विरोध करीत नाहीं. मग थोडा करितो. मग पुष्कळ करितो. शेवटीं मोकळी लढत होते. पांचसहा मिनिटांची एक फेरी संपली कीं सोबती बदलतो. ज्यानें डाव नुसता पाहिला आणि ज्याच्या अंगांत तो उतरला, त्यांच्यांतील भेद येथें पहिल्या मिनिटालाच उघड होतो. पुस्तक वाचून किंवा चित्रपट पाहून ही विद्या येत नाहीं याचें कारण हेंच. खऱ्या विरोधाचें वजन पुस्तकाला नसतें.

वर्गांत नव्यानें आलेला चाळिशीचा एखादा गृहस्थ या वेळीं काय अनुभवतो? तो कचेरींत मोठ्या हुद्द्यावर असेल, घरांत त्याचा शब्द चालत असेल. येथें मात्र त्याच्या निम्म्या वयाचा, वजनानें हलका मुलगा त्याला पांच मिनिटांत तीन वेळां शरण आणतो. पहिले कांहीं आठवडे तो श्वास कोंडून, दांत आवळून, सर्व बळ एकवटून झुंजतो आणि दोन मिनिटांत थकून जातो. पुष्कळजण येथेंच वर्ग सोडतात. जे सोडीत नाहींत त्यांना एके दिवशीं उमगतें कीं, अंगावर ओझें असतांनाही सावकाश श्वास घेतां येतो. आणि श्वास सांपडला कीं विचार सांपडतो. भीति नाहींशी होत नाहीं, पण तिच्या शेजारीं बसून काम करतां येतें. आत्मरक्षणाचा प्रसंग आयुष्यांत कदाचित् येणारही नाहीं. परंतु हा लाभ कचेरींत आणि घरांतही कामास येतो.

आतां या विद्येंतील सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाच्या क्रियेकडे वळावें. ती क्रिया म्हणजे थाप. गळा आवळला गेला किंवा कोपर ताणलें गेलें, कीं शिष्य सोबत्याच्या अंगावर अथवा गादीवर हातानें थाप मारितो, आणि सोबती तत्क्षणीं पकड सोडतो. हात अडकलेले असतील तर तोंडानें सांगावयाचें. या थापेवर सर्व इमारत उभी आहे. गळ्याची पकड नीट बसली तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या जाऊन मेंदूचा रक्तप्रवाह मंदावतो आणि दहाएक सेकंदांत शुद्ध हरपूं शकते. कोपराचा बंध फाटावयास तर त्याहूनही कमी अवधि पुरतो. जो थाप ऐकून सोडीत नाहीं त्याला कोणी सोबती उरत नाहीं. आणि जो वेळेवर थाप मारीत नाहीं तो महिनोन्महिने घरीं बसतो. वर्ग निवडतांना पालकांनीं भिंतीवरील पदकें पाहण्यापेक्षां, तेथें ही थाप किती आदरानें ऐकली जाते हें पाहावें.

थापेचा प्रश्न थोरांनाही सुटलेला नाहीं. १९५१ सालच्या ऑक्टोबरच्या २३ तारखेस रिओच्या माराकाना क्रीडागारांत एलिओ ग्रेसी आणि जपानचा अजिंक्य जुदोपटु मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरा वयानें लहान आणि वजनानें पुष्कळ भारी. दुसऱ्या फेरींत त्यानें एलिओचा हात पाठीमागें मुरडणारी एक पकड घातली. हात मुरडत गेला. एलिओनें थाप मारली नाहीं. शेवटीं त्याच्या बाजूच्या लोकांनींच टॉवेल फेंकून लढत थांबविली. त्या पकडीला ब्राझीलमध्यें पुढें 'किमुरा' असेंच नांव पडलें, आणि जगभरच्या वर्गांत आज तेंच नांव चालतें. आपल्या पराभवाची आठवण विजेत्याच्या नांवानें जपणारी ही परंपरा उदार खरी. तथापि एलिओचा तो हट्ट वर्गांत कोणी गिरवूं नये. तो एका लढतीचा प्रसंग होता. रोजच्या शिक्षणांत थाप न मारणें हें शौर्य नव्हे. तो केवळ शिकण्यास दिलेला नकार होय.

पुढें १९९३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं निरनिराळ्या युद्धकलांची एक लढतमाला झाली. एलिओचा सडपातळ मुलगा रॉयस यानें एकाच रात्रीं तीन प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन शरण आणलें. त्या रात्रीनंतर या विद्येचे वर्ग देशोदेशीं निघूं लागले. पण प्रसिद्धि झटपट आली तरी विद्या झटपट येत नाहीं. मोठ्यांचे पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा या क्रमानें चढत जातात. आणि काळ्या पट्ट्याला पोहोंचण्यास नेमानें वर्गास जाणाऱ्यालाही सामान्यतः दहा वर्षें लागतात. या दहा वर्षांत त्यानें किती वेळां थाप मारलेली असते याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. ती हजारोंनीं भरेल.

कोल्हापूरच्या तालमींतील वस्तादाला हें सर्व ऐकून हसूं येईल काय? बहुधा येणार नाहीं. घिस्सा असो वा ढाक, डाव हजार वेळां घोंटल्याशिवाय अंगीं येत नाहीं आणि जोडीदाराशिवाय मल्ल घडत नाहीं, हें त्याला कोणीं सांगावयास नको. दोन्ही विद्यांत भेद आहे तो निकालाचा. मातीवर पाठ लागली म्हणजे कुस्ती संपते, आणि तें त्या खेळाच्या नियमांना धरूनच आहे. परंतु आयुष्य त्या नियमांनीं चालत नाहीं. आजारपण, नोकरींतील अपयश, घरावर आलेला एखादा घाला, अशा प्रसंगीं माणसाची पाठ जमिनीला लागते आणि कुस्ती मात्र सुटत नाहीं. त्या वेळीं कोपरें अंगाशीं घेऊन, श्वास सांवरून, सुटकेची पहिली वीतभर जागा शोधावी लागते. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं गादीवर उताणें पडून हीच एक गोष्ट पुन्हां पुन्हां गिरविणाऱ्या माणसांना, तो प्रसंग अगदींच अनोळखी वाटत नसावा.