परभाषेच्या घरी एक वर्ष
(रेडिओवरील भाषण)



स्पेनच्या पश्चिम भागात तोर्मेस नदीच्या काठी, उन्हे उतरू लागली की सोन्यासारख्या झळाळणाऱ्या वालुकाश्मात बांधलेले सालामांका नावाचे एक शहर आहे. तेथील विद्यापीठ लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने 1218 साली स्थापन केले. म्हणजे ज्ञानेश्वरी सिद्ध होण्यास अद्याप 72 वर्षांचा अवकाश असताना या गावी अध्ययन-अध्यापनाचा व्यवहार राजाश्रयाने सुरू झाला होता. याच गावी 1492 साली नेब्रिखा या पंडिताने रचलेले कास्तिलियन भाषेचे, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचे, व्याकरण छापले गेले. आणि ज्या काळी व्याकरण हा लॅटिनसारख्या शास्त्रभाषांचाच मान समजला जाई, त्या काळी बाजारात नि माजघरात बोलल्या जाणाऱ्या भाषेलाही नियमांची प्रतिष्ठा आहे, असा निवाडा त्या ग्रंथाने दिला. परदेशाहून स्पॅनिश शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्यांची पावले आजही या गावाकडे वळतात, यात म्हणूनच नवल नाही.

स्वतःच्या विद्यापीठातील नाव न काढता एखादे सत्र वा वर्ष परमुलखात शिकावे आणि तेथील गुण मायदेशीच्या दप्तरी रुजू व्हावेत, ही कल्पना तशी अलीकडची. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने 1923 साली 8 विद्यार्थी फ्रान्सला धाडले, तेव्हा तिने आकार घेतला. आणि युरोपात 1987 साली एरास्मस योजना अमलात आल्यावर ती मध्यमवर्गीय घरांच्याही आवाक्यात आली. परंतु कागदोपत्री एकच दिसणाऱ्या या योजनांत दोन जाती आहेत. पहिल्या जातीत मायदेशीची संस्था स्वतःचे अध्यापक, स्वतःचे वर्ग आणि स्वतःचे वसतिगृह यांसह जणू आपल्या अंगणाचाच एक तुकडा स्पेनमध्ये नेऊन ठेवते. दुसऱ्या जातीत विद्यार्थी तेथील विद्यापीठात रीतसर दाखल होतो, तेथल्याच मुलांच्या शेजारी बाकावर बसतो आणि एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या घरी राहतो. पहिली जात सोयीची आहे, आणि तिचा दोषही त्या सोयीतच आहे.

दुसऱ्या जातीचा विद्यार्थी प्रारंभी पुष्कळ ठेचा खातो. स्पॅनिश विद्यापीठात गुण 10 पैकी देतात, 5 मिळाले की उत्तीर्ण. 7 गुणांना तेथे सन्मानाची श्रेणी असली, तरी 90 टक्क्यांची सवय लागलेल्या अमेरिकन मुलाला ते अपयशच वाटते. ज्या आपल्या विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या 60 टक्क्यांना पहिला वर्ग मिळत आला, तेथल्या मुलाला मात्र हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

खरी शाळा भरते ती जेवणाच्या मेजाशी. माझ्या परिचयातील पुण्याची एक मुलगी अशाच एका घरी राहावयास गेली. दुपारी अडीचला पाने मांडली गेली, मसुराची आमटी पाहून तिला हायसे वाटले, आणि जेवण आटोपताच घरच्या शिस्तीप्रमाणे ती आपले ताट उचलून उठली. तो सारे घर तिच्याकडे चकित होऊन पाहू लागले. जेवणानंतर तासभर तेथेच बसून बोलत राहण्याला त्या भाषेत ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्यातून उठून जाणे म्हणजे भोजनाचा अर्धा भाग टाकणे, हे तिला त्या दिवशी कळले. घरमालकिणीला तिने संस्कारानुसार ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ असे संबोधले, तर ती बाई हसून म्हणाली, ‘अगं, मी काय इतकी म्हातारी झाले?’ ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या एका दरबारी संबोधनाचा झिजून झालेला हा शब्द. तो कोठे शोभतो आणि कोठे अंतर पाडतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. अहो-जाहो आणि अगं-तुगं यांच्या सीमारेषेवर वाढलेल्या मराठी मुलीला मात्र तो धडा चार दिवसांत पाठ झाला.

शिवाय तिची शिदोरी रिकामी नव्हती. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे उतरले, आणि त्यांची सख्खी भावंडे स्पॅनिशमध्ये नांदत आहेत. अरबांच्या शतकानुशतकांच्या राजवटीने स्पेनला जे दिले, ते तर आमच्या कचेऱ्यांतल्या शब्दांचे गणगोतच होय: तेथला नगराध्यक्ष ‘आल्काल्दे’ हा मुळातला काजी, जकातीची कचेरी ‘आदुआना’ ही मुळातली दिवाण, आणि न्यायालयाचा बेलीफ ‘आल्ग्वासिल’ हा तर पदावनत झालेला वजीर! अशी ओळख पटली की परकी भाषा परकी राहत नाही.

सालामांकाच्या विद्यापीठाच्या नक्षीदार दर्शनी भिंतीवर एका कवटीवर बसलेला दगडी बेडूक कोरलेला आहे. जो कोणाच्या मदतीवाचून तो शोधील तो परीक्षेत उत्तीर्ण होईल, अशी लोकश्रद्धा आहे. तेथे दीर्घकाळ कुलगुरुपद भूषविणारे लेखक मिगेल दे उनामुनो यांनी यावर म्हटल्याचे सांगतात, की लोक बेडूक पाहतात याचे वाईट वाटत नाही, बेडकाखेरीज काही पाहत नाहीत याचे वाटते. आपल्याच भाषेच्या घोळक्यात हिंडून, छायाचित्रे काढून परतणाऱ्या विद्यार्थ्यांना हे बोल चपखल लागू पडतात.

म्हणून ज्या पालकांची मुले असा अर्ज भरण्याच्या तयारीत आहेत, त्यांना माझी विनंती एवढीच, की शुल्क, विमा, व्हिसा आणि श्रेयांक यांची चौकशी अवश्य करावी; परंतु त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा. संध्याकाळी मूल दमून घरी आले, की ‘जेवलास का?’ हे त्याला कोणत्या भाषेत विचारले जाणार आहे? उत्तर ‘स्पॅनिशमध्ये’ असे आले, तर खुशाल सही करावी.